इन्व्हर्टर बसवल्यापासून

लातूर, मंगळवार, दिवेलागण

जीव नुसता कोंडलाय. ऑफिसचा हा प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात आभासी कॉम्प्युटर, त्याच्या पोटात तिसरा. बाहेरचा मधेच आतल्याची काम करायची पाळी काढून घेतो, आतल्याला पत्ताच नसतो, आणि एखाद्या वेळी सगळं गोठतं. दिवसभर नीट, आणि एखाद्याच वेळी! मागचा महिनाभर रोज संध्याकाळी गोठायचं, रविवारपासून एकदाही नाही. पुण्याच्या ऑफिसातले साहेब म्हणतात, "सुटलं असेल, ती तक्रार बंद करून टाक." मी काहीच केलं नाही, मग सुटेल कसं?

रविवारी बदललं काय? अप्पांनी माझ्यासाठी इन्व्हर्टर बसवला, एवढंच. "आता लाईट जाऊ दे की, तुजं काम थांबायचं न्हाई."

आज ध्यानात आलं. रोज संध्याकाळी लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जायचा, मंद चालायचा, आणि पाळीचा घोळ त्या मंदपणातच व्हायचा. मी चार्जरची पिन उपसली. थोड्या वेळात गोठलं! मी आनंदानं ओरडलेच.

अप्पा धावत आले. त्यांना लोंबणारी पिन दिसली. "बिघडला का गं इन्व्हर्टर?"

"नाही अप्पा, चांगला चाललाय."

त्यांनी वाकून पिन परत लावली आणि खुर्ची ओढून इथंच बसले.

साहेबांना पुन्हा गोठवून दाखवायचंय. म्हणजे पिन पुन्हा उपसायची. अप्पांना खरं सांगावं का? तुमच्या इन्व्हर्टरनंच माझं काम अडवलंय, हे कुठल्या तोंडानं सांगू?

अजून बसलेत. पिनेकडे बघत.