बाळंतिणीच्या दोन घागरी

काल आधी आली ती चष्म्यावाली, आप्पा, माझ्या नातीची मैत्रीण. दोघी नांदेडला वकिलीचं शिकतात. मागून नात, हातात चपला, बसमधून उतरताना पट्टा तुटला म्हणे. चहासुद्धा घेतला न्हाई, थेट देवळात. आतल्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं माझं अक्षर वहीत उतरून राहिल्या. तिसरी शिकलेल्या पोरीचं अक्षर. मला इतकं हसू येत होतं की पदर तोंडाला लावला.

चष्म्यावाली सांगत होती, पूर्वी कायदा म्हाताऱ्यांच्या तोंडात असायचा, ज्याला जसा आठवला तसा. मग लांबच्या देशातल्या राजांनी तो दगडात कोरून घेतला, कुणाला फिरवता येऊ नये म्हणून. मी म्हटलं, माझ्या बापानं, आप्पांनी, वेगळं काय केलं?

तो दुष्काळ आठवला की अजून पाय दुखतात. विहिरीला दिवसाकाठी चार हात पाणी, आणि पाळी कुणाची यावर रोज भांडण. तुम्ही पंचांना बसवलं, म्हणालात, भिंतीवर लिहू, भिंतीवर असंल तेच खरं. तुम्हाला वाचता येत न्हाई, म्हणून गेरू माझ्या हातात. तुम्ही सांगताय, मी लिहितेय. आणि बाहेर ट्रक उभा. लातूर नवा जिल्हा होऊन राहिला होता, तिथं उभारलेली कमान बघायला अख्खी आळी निघालेली, मैत्रिणी हाका मारतायत. तुम्ही शेवटची ओळ सांगितली आणि पंचांकडं वळलात. मी म्हटलं, झालं लिहून.

कमान लई उंच होती, एवढंच आठवतं.

महिनाभरानं समोरच्या घरची सून बाळंत झाली. तिची सासू घागरी घेऊन विहिरीवर गेली, तर राखणदारानं मागं फिरवलं, भिंतीवर न्हाई म्हणाला. आठव्या दिवशी ती बाळंतीण स्वतः डोक्याला फडकं बांधून रांगेत उभी राहिली. तुम्ही पंचांना सांगून पाहिलं, राहिलेली ओळ आता घाला. पंच म्हणाले, आप्पा, तुमचाच शब्द आहे. आज एक ओळ घातली तर उद्या जो तो घालंल. त्या दिवशी तुम्ही मला मारलं न्हाई. पायरीवर बसून एवढंच म्हणालात, "लिहायच्या आधी सगळ्यांना ठावं होतं. आता कुणालाच ठावं न्हाई."

दर दिवाळीला त्या अक्षरांवरून कुणीतरी गेरू फिरवतं, त्या ओळीवाचून.

काल चष्म्यावालीनं विचारलं, "आजी, नियम एवढेच ना?" मी हाव म्हणून बसले. समोरच्या ओट्यावर ती बाळंतीण, आता पार म्हातारी झालेली, ऐकत होती. पोरी गेल्यावर मी तिच्याकडं गेले. एवढ्या वर्षांनी तिच्या ओट्यावर चढले, गुडघे कुरकुरले. विचारलं, ती ओळ कशी होती गं? तिनं वर बघितलंसुद्धा न्हाई. "बाळंतिणीच्या घरी सव्वा महिना दोन घागरी, पाळीच्या आधी." अक्षर न अक्षर, तुम्ही सांगितलं होतं तसं.

हे पत्र धाडायचं कुठं, गव्हाच्या डब्यात ठेवते. गेरू संपला म्हणून ओळ राहिली, असं मी तुम्हाला मागाहून सांगितलं होतं, आप्पा. संपला नव्हता. उरलेला गव्हाणीमागं ओतून मी ट्रककडं पळाले होते. आज नवा भिजत घातलाय. पोरी सोमवारी येतो म्हणाल्यात.