पाच चमका आणि मोहोरबंद यादी

असेर्जी, ३ मार्च

ती. लोरेताताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी, एर्मेते जाम्पाओली, वाणिज्य पदवीधर, वय चोपन्न, डोंगराखालच्या प्रयोगशाळेचा दप्तरप्रमुख, हे पत्र एका निश्चित हेतूने लिहीत आहे. कृत्रिम चमकांची यादी यंदा माझ्या ताब्यात देण्यात आली आहे. तुम्हा शास्त्रज्ञांची आशा मोजणीत उतरू नये म्हणून झेनॉनच्या टाकीतील खऱ्या नोंदींत काही बनावट चमका मिसळल्या जातात. त्या कोणत्या, हे छाननी संपेपर्यंत तुमच्यापैकी कोणालाही कळत नाही. यादी मी स्वतः टंकलिखित करून मोहोरबंद केली. मला पदार्थविज्ञानातले ओ की ठो कळत नाही, हीच माझी पात्रता. तेव्हा ३१ मे रोजी पाकीट उघडेपर्यंत तू मला प्रयोगाविषयी एक अक्षरही लिहू नयेस.

इस्पितळातील नवीन डॉक्टरीणबाई काय म्हणतात, ते मात्र सविस्तर कळवावे. माया आहे ती उणावू देऊ नये.

तुझा धाकटा भाऊ,
एर्मेते

तेरामो, २० एप्रिल

चि. एर्मेतेस अनेक आशीर्वाद.

वय, पदवी, हेतू! अरे, बहिणीला पत्र लिहितोयस की कोर्टात अर्ज करतोयस? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाळा दिसेल असं धरून चालू नका. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं मी न दिसणाऱ्या गोष्टीच्याच मागे आहे, मला सवय आहे. त्या हसल्या नाहीत.

आता रागावू नकोस. काल माझी विद्यार्थिनी फियाम्मा आकडे घेऊन आली. पाच चमका, एर्मेते! टाकीच्या अगदी मध्यभागी, जिथे बाहेरचं काही पोचत नाही. ९ ऑक्टोबर, २ नोव्हेंबर, २७ नोव्हेंबर, १४ जानेवारी, ६ फेब्रुवारी. कृष्णद्रव्याचा कण येऊन धडकला तर जशी दिसावी, तशीच प्रत्येक. एक जरी खरी निघाली, तरी या विश्वातलं बहुतेक द्रव्य कशाचं बनलंय, याचा तो पहिला पुरावा. उन्हाळ्यानंतर टाकी मोडीत निघणार. ही शेवटची फेरी. मला एकच पुरे रे! कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि तुझ्याशिवाय मला आहे कोण?

तुझी,
ताई

असेर्जी, २४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. प्रकृतीस जपावे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येत आहे. स्क्रिपेल्ले, आपली ती रश्श्यात बुडवायची पातळ घावने, घेऊन येईन. रस्सा निराळ्या डब्यात आणीन, म्हणजे ती लिबलिबीत होणार नाहीत. खिडकीतून वारा लागत असल्यास कळव, लोकरीची शालही आणतो. इथे माथ्यावर अजून बर्फ आहे.

तू एकतीस वर्षे जे काम केलेस त्याचा मला अभिमान आहे, हे मी पूर्वी कधी लिहिले नसावे. तुझी पत्रे आणि माझ्या प्रती तपासल्या. खरोखरच लिहिलेले नाही.

लोभ आहेच, तो मला नीट दाखवता येत नाही, हे सांभाळून घ्यावे.

एर्मेते

तेरामो, २८ एप्रिल

चि. एर्मेतेस,

मी तुला तारखा कळवल्या आणि तू रागावला नाहीस! माझ्या लग्नाला पाहुणे सात मिनिटं उशिरा आले म्हणून ज्याने मांडवात सगळ्यांची हजेरी घेतली, तो माणूस नियम मोडल्यावर चकार शब्द काढत नाही. वर अभिमान, शाल, रस्सा. म्हणजे पाचही यादीत आहेत. एक जरी नसती, तर चार ओळींत मला फाडून खाल्लं असतंस.

पत्र वाचल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडले आहे. फियाम्माला काही बोलू नकोस. पाकीट उघडेपर्यंत तिने आनंदात राहावं. पुढची मोठी टाकी व्हायला बारा वर्षं लागतील, आणि तिच्यातही काही दिसेल असं मला आता वाटत नाही. कण जिथे जिथे असेल असं आम्ही म्हणालो, तिथे तिथे पाहून झालं.

एक मागणं आहे. तू जन्मात कधी खोटं लिहिलं नाहीस. एकदा लिही. तुला काहीच ठाऊक नाही, असं लिही. तुझ्या हातचं असेल तर मी त्यावर विश्वास ठेवीन. महिनाभर पुरलं तरी बास. त्याहून जास्त मला लागणार नाही.

जीव लावतोस, तसाच लावत राहा.

लोरेता

ती. लोरेताताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा तर्क चुकीचा आहे. यादी पाहण्याचा प्रसंग मला कधीही आलेला नाही. ती अन्य व्यक्तीने टंकलिखित केली व बंद पाकिटातच माझ्याकडे आली. यापूर्वी मी याउलट काही लिहिले असल्यास तो लेखनदोष समजावा. पाच चमकांपैकी किती खऱ्या, हे मला माहीत नाही. निदान एक तरी खरी असेल, असे मानण्यास कोणतीही हरकत दिसत नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे.

एर्मेते जाम्पाओली
दप्तरप्रमुख
असेर्जी, ३० एप्रिल