माझ्या दोन जन्मतारखा

नालासोपारा (पश्चिम),
शुक्रवार, दि. ११ जून २००४

तीर्थस्वरूप शरदचंद्रमामांच्या पायांवर डोकं ठेवून भाचा प्रल्हाद लिहितो, की इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे शरीराने. मनाचं पुढे सविस्तर येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? सावित्रीने फोनवर सांगितलं, की नाशिकच्या वैद्याच्या तेलाने बराच उतार पडला, फक्त वासामुळे जावई हल्ली गॅलरीत जेवतात. तेल सोडू नका. जावयांना जेवायला दुसरी जागा मिळेल, गुडघे दोनच असतात. तुमचं वाढदिवसाचं कार्ड नेहमीप्रमाणे १२ मे रोजी ऑफिसच्या पत्त्यावर पोचलं. (नालासोपाऱ्यात राहायला आल्यापासून, म्हणजे गेली पंधरा वर्षं, मीच तुम्हाला हा पत्ता दिला आहे. आमच्या गल्लीत एकाच नावाच्या चार इमारती आहेत आणि पोस्टमन त्यांतली जी सावलीत असेल तिथे टपाल टाकून मोकळा होतो.) 'अठ्ठावन्न पूर्ण, शतायुषी हो' हे तुमच्या वळणदार अक्षरात वाचून भरून आलं.

तर आता मनाचं. आमच्या बागायतदार संघाचे हेडक्लार्क एप्रिलअखेर निवृत्त झाले आणि आगाशीच्या कचेरीतली ती खुर्ची मोकळी झाली. तुम्ही ती पाहिली आहे: हात असलेली, पाठीवर टॉवेल, बरोब्बर पंख्याखाली. बत्तीस वर्षं केळीच्या खताच्या पावत्या फाडता फाडता मी तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहत आलो. आमच्याकडे बढती ज्येष्ठतेने मिळते. तरुणपणी मला हा नियम अन्यायाचा वाटे. १९८१ साली 'खुर्ची झिजवणं ही गुणवत्ता नव्हे' असा साडेचार पानी अर्जही मी कार्यकारिणीला दिला होता. (चाळिशी उलटल्यावर मला ज्येष्ठतेचं महत्त्व हळूहळू पटू लागलं आणि पन्नाशीनंतर तर जगात तेवढा एकच नियम न्यायाचा आहे अशी खात्री झाली.) तो जुना अर्ज संग्रामने, म्हणजे आमच्या सव्वीस वर्षांच्या कम्प्युटरवाल्या कारकुनाने, कपाटातून शोधून काढला, त्याची झेरॉक्स जोडून स्वतःसाठी बढती मागितली आणि खाली 'ज्येष्ठ सहकारी श्री. प्रल्हाद यांचे विचार पाहावेत' असं लिहिलं. अध्यक्षांनी मागणी नियमात बसत नाही म्हणून बाजूला ठेवली, पण माझे विचार मात्र सगळ्या स्टाफने पाहिले.

संग्रामचं राहू द्या. खरा घाव घातला फर्डिनंडने. गास गावचा हा फर्डिनंड आणि मी, दोघे १ ऑक्टोबर १९७२ रोजी एकाच बाकावर वाट पाहत बसून रुजू झालो. तो आवक-जावक सांभाळतो, म्हणजे कचेरीत येणारा प्रत्येक कागद त्याच्या शिक्क्याखालून जातो. आता एकाच दिवशी रुजू झालेल्यांत जो वयाने मोठा तो ज्येष्ठ, असा नियम आहे. त्याची जन्मतारीख ८ डिसेंबर १९४७, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतून उतरवलेली. फादरसमोर वर्षं इकडची तिकडे करायची सोय नसते. माझी खरी तारीख १२ मे १९४६. पण तुम्ही तेव्हा आगाशीच्या शाळेत मास्तर होता आणि भाच्याला नोकरीची दोन वर्षं जास्त मिळावीत या मायेपोटी तुम्ही रजिस्टरात १ जून १९४८ लिहिलीत. (तुमच्या वर्गातली सगळीच मुलं १ जूनला जन्मली होती. आठ वर्षांचा मी पहिलीत सगळ्यांत उंच, म्हणून पताका लावायचं काम माझ्याकडे असे, ते वेगळं.) परिणाम असा, की माझ्याहून दीड वर्षाने लहान असलेला माणूस कागदावर सहा महिन्यांनी मोठा ठरला.

मी काही गप्प बसणारा नाही. ज्येष्ठता यादी लागली, तिच्यावर हरकतींना ५ जूनची मुदत होती. २ जूनला मी खरी जन्मतारीख अधोरेखित करून अर्ज लिहिला आणि स्वतः फर्डिनंडच्या हातात दिला. त्याने तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि 'ठीक आहे' म्हणाला. काल अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, की माझ्याकडून हरकत आली नाही, तेव्हा फर्डिनंडची ऑर्डर सोमवारी निघेल. मी आवकेचं रजिस्टर उघडून पाहिलं, तर २ जूनला माझ्या अर्जाची नोंदच नाही. ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याच्याच हातात शिक्का. बत्तीस वर्षं ज्याच्याबरोबर डबा खाल्ला (आणि ज्याच्या घरचा नाताळचा केक मी घरी पोचायच्या आत बसमध्येच संपवत आलो), त्याने माझा अर्ज दाबावा याचं फार दुःख झालं मामा. आज दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. जेवायलाही पाठ करून बसलो. पाठ करून बसलं की लोणचं मागता येत नाही, तेही सोसलं.

असो. तब्येतीला जपा. सावित्रीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
प्रल्हाद

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. 'शाळेच्या रजिस्टरातली तारीख माझ्या हातून चुकीची पडली, प्रल्हादचा जन्म १२ मे १९४६चाच' असा दाखला, निवृत्त मुख्याध्यापक म्हणून सही करून, परतीच्या टपालाने पाठवा. ऑर्डर निघाली तरी मी अपील करणार आहे.

ता. क. २ (शनिवार) : दाखला पाठवू नका. पाकीट चिकटवण्याआधी मी हे पत्र मनोरमेला वाचून दाखवलं, शाबासकी मिळेल म्हणून. ती तांदूळ निवडत होती. तिने बोटं मोजली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या संघात अठ्ठावन्नाला घरी पाठवतात ना? मग तुम्ही गेल्या ३१ मेलाच रिटायर झालात." मी तीनदा मोजून पाहिलं. ज्या कागदाने मी ज्येष्ठ ठरतो, त्याच कागदाने बारा दिवसांपूर्वी घरी बसतो. आमच्या लेकीचं, ज्ञानदाचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष अजून व्हायचं आहे. माझा तो अर्ज कचेरीत कुठे असेल या विचाराने जेवण गेलं नाही.

ता. क. ३ (रविवार) : सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून फर्डिनंड घरी आला. एका हातात वेलची केळ्यांचा फणा, दुसऱ्या हातात माझा अर्ज. जसाच्या तसा, शिक्का नसलेला. म्हणाला, "एकदा शिक्का पडला की कागद परत घेता येत नाही. मामांची कार्डं पंधरा वर्षं माझ्याच हातून जातात, प्रल्हाद. तुझं खरं वय मला पाठ आहे." हे त्याने कचेरीत सांगावं तर संग्रामचे कान, आणि शुक्रवारी सांगावं तर माझी पाठ. मला फार लाज वाटली, आणि तसं मी त्याला सांगितलंही. तो डिसेंबर २००५ला निवृत्त होईल. मग तुमच्या १ जूनच्या कृपेने ती खुर्ची मला पाच महिने मिळेल. (त्यांतले पहिले दोन थंडीचे, पंखा बंद.)

ता. क. ४ : आता खरी विनंती. उद्यापासून फर्डिनंड पंख्याखाली बसेल आणि आवकेच्या टेबलावर संग्राम येईल. त्या मुलाला कपाटातलंसुद्धा वाचायची सवय आहे. तेव्हा पुढच्या १२ मेला उघडं कार्ड नको, बंद पाकीट पाठवा. जमल्यास १ जूनला.