सहा-ब चं मत

४ नोव्हेंबर

आले एकदाची! तेरुएलहून निघताना गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा होता, आणि इथे समुद्रकाठी सालोराला बायका बिनबाह्यांच्या झग्यात पाव घ्यायला निघालेल्या. एकतीस वर्षं डोंगरातल्या गावांना बस नेली-आणली. प्रत्येक वळणावर मनात एकच, की रिटायर झाल्यावर समोर दरी नको, वळण नको, नुसतं सपाट पाणी हवं. आज बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. समुद्र इतका सपाट, की एकटीच हसत सुटले.

सहावा मजला, ब. बारा मजले, मजल्यावर चार घरं, आणि हिवाळ्यात राहणारी मी एकटी. बाकी सगळ्यांची शटरं खाली. पाववाली निकासिया म्हणाली, "आता ईस्टरपर्यंत तू आणि सीगल. भांडायला तेवढंच कुणीतरी!" मी म्हटलं, काळजी नको, मी युनियनमध्ये होते, सीगलनाच सुट्टी घ्यावी लागेल.

केअरटेकर देमेत्रिओ दुपारी दोनपर्यंत असतो. माणूस अदबशीर. हे घर आधी लेओकादिया नावाच्या बाईंचं होतं, त्या गेल्यावर बहिणीने विकलं. नोटरीकडे त्या बहिणीने सही केली आणि पेनाला टोपण न लावताच उठून गेली.

९ नोव्हेंबर

रोज सकाळी धक्क्यापर्यंत चालते. कोळणीने सार्डिन साफ करायला शिकवलं, बोटाने, सुरीशिवाय. तिने माझे हात बघून विचारलं, ट्रक चालवायचीस का? बस, म्हटलं. तिला फार आवडलं.

परत आले तर खाली फळ्यावर नोटीस. घरमालकांची सभा, १५ नोव्हेंबर, दुपारी चार, तळमजल्यावरचा हॉल. विषय एकच: ६-ब मधील आवाज. मला हसावं की चिडावं कळेना. रेडिओ लावते खरी, पण ऐकायला आहे कोण? देमेत्रिओला विचारलं. तो म्हणाला, नोटीस त्याने लावलेली नाही. मग हळूच म्हणाला, "बाई, जाऊ नका." आणि लगेच, "पण न जाऊनही चालायचं नाही." असं कोड्यात बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो. सरळ सांगा म्हटलं, तर बादली उचलून निघून गेला.

१६ नोव्हेंबर

काल गेले. हॉलमध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नीट ओळीत. माणूस एकही नाही. बाहेर लख्ख ऊन, आत मात्र तळघरासारखा गारवा. तासभर बसले. शेवटी उठले आणि रिकाम्या हॉलला ठणकावून म्हटलं, "तुमचा काय ठराव असेल त्याला माझा विरोध. मी चालले, माझा भात करपेल."

आज फळ्यावर इतिवृत्त लागलंय. हातानं लिहिलेलं, सुबक अक्षर. उपस्थिती: सर्व सभासद. ठराव: ६-ब मधून येणारा श्वासाचा आवाज इतरांना असह्य होत असल्याने तो कायमचा बंद करण्यात यावा. बाजूने सत्तेचाळीस. विरोधात एक. त्याखाली: "६-ब यांनी भात करपेल असं सांगून सभा सोडली."

हॉलमध्ये मी एकटी होते. दार मी स्वतः उघडलं, स्वतः लावलं.

१८ नोव्हेंबर

नियमावली काढून बसले. युनियनमध्ये एक गोष्ट शिकले, की घाबरायच्या आधी नियम वाचायचे. इथे लिहिलंय: एखाद्या मालकाचा हक्क काढून घ्यायचा तर एकमत लागतं. तीन सभांत एकमत झालं नाही तर ठराव कायमचा बाद. आणि गैरहजर राहील त्याचं मत होकार धरलं जाईल.

म्हणजे माझं एक मत पुरेसं आहे. फक्त तिथे जाऊन बसायचं. बसा म्हणावं किती बसताय ते!

देमेत्रिओला आज कोपऱ्यात गाठला. बोलला शेवटी. या इमारतीतले सगळे कामगार होते, कोणी गिरणीतले, कोणी खाणीतले. जन्मभर राबून घर घेतलं आणि कोणाच्या वाट्याला दोन उन्हाळे आले, कोणाच्या एकच. मुलं पुढे फिरकलीच नाहीत, घरं विकलीही नाहीत. "ते इथे मेले नाहीत, बाई. मेले कुठे कुठे. पण मेल्यावर इथेच आले." आणि इथे कुणी जिवंत श्वास घेतला की त्यांना झोंबतं, म्हणाला.

मी म्हटलं, देमेत्रिओ, ही तर माझीच माणसं झाली. बोलून मिटवेन.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही घाटात ब्रेक तापलेल्या गाडीकडे पाहायचो.

३ डिसेंबर

काल दुसरी सभा. खुर्च्या या वेळी अर्धगोलात, तोंडं मधल्या एका खुर्चीकडे. मधली माझी. बसले. काही वेळाने आजूबाजूच्या खुर्च्यांचं प्लॅस्टिक कुरकुरायला लागलं, एकेक करून, जसं कुणी जड माणूस टेकतं तसं. मी नियमावली मोठ्याने वाचली. म्हटलं, तुम्ही राबलात, मीही राबलेय. तुमचं घर तुम्हाला लखलाभ, पण माझं घर माझं आहे आणि माझा श्वास तर त्याहून माझा. विरोध!

कुरकुर थांबली. मग सगळ्या खुर्च्या एकदमच, बोटभर, पुढे सरकल्या.

पळाले नाही. चालत बाहेर आले.

इतिवृत्त: एकमत नाही. तिसरी व अंतिम सभा १३ डिसेंबर. तोपर्यंत सभासदांनी ६-ब ची समजूत काढावी.

६ डिसेंबर

समजूत काढणं म्हणजे काय ते कळलं. दुपारी तीन वाजता दारावर टकटक. भोकातून पाहिलं, तर जिना रिकामा. आवाज मात्र दाराला ओठ लावल्यासारखा, म्हाताऱ्या बाईचा, मायेचा. "दमली असशील गं. एकतीस वर्षं. जरा टेक." मी रेडिओ मोठा केला. तर ती रेडिओतून बोलायला लागली.

८ डिसेंबर

काल पुरुष. आज दोघं-तिघं. शिवी नाही, धमकी नाही. "कशाला ओढतेस एवढा श्वास? सोड ना एकदा. पुन्हा घेऊ नकोस, बास." आणि खरं सांगते, ऐकत राहावंसं वाटतं. हाच त्यातला विषारी भाग.

मी आतून ओरडले, संपात पोलीस समजूत काढायला यायचे, ते याहून गोड बोलायचे!

हसू ऐकू आलं. एक नाही. सगळ्या मजल्यांवरून.

१० डिसेंबर

आता माझी पाळी. देमेत्रिओच्या खोलीतून किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि भर बारा वाजता वरून सुरुवात केली. बारा-अ: टेबलावर मेणकापड, बीचवरची छत्री अजून दुकानाच्या वेष्टनात. कधी उघडलीच नाही. बंद शटरकडे तोंड करून एक खुर्ची. पट्टा ओढून शटर वर केलं, ऊन आत पसरलं. म्हटलं, घ्या, बघा. समुद्र तिथेच आहे. कोणी अडवलंय तुम्हाला?

अकरा घरं उघडली. प्रत्येक घरात तशीच खुर्ची.

बाराव्या घरातली खुर्ची दाराकडे वळलेली होती. माझ्याकडे.

खाली येऊन इमारतीकडे पाहिलं. सगळी शटरं बंद. माझंही.

१२ डिसेंबर

सकाळपासून माझा श्वास मला ऐकू येत नाही. छाती हलते. आवाज नाही. खोकून पाहिलं — नाही.

देमेत्रिओ गाडी सुरू ठेवूनच आला. रडत होता. "बाई, चला, माझ्या बहिणीकडे, आत्ता." लेओकादियाबाईंचं शेवटी सांगितलं. त्यासुद्धा दोनदा नाही म्हणाल्या होत्या. तिसऱ्या सभेनंतर त्याला त्या हॉलमध्ये सापडल्या, खुर्चीवर ताठ, हात वर. शवपेटीत ठेवताना तो हात खाली येईना.

मी गेले तर गैरहजर. गैरहजर म्हणजे होकार. तेरुएलला गेले तरी, बहिणीकडे गेले तरी. हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तर रडत होता.

त्याला म्हटलं, मी भरली बस कधी मध्येच सोडून उतरले नाही. उद्या पाच वाजता ये, कॉफी पाजते.

१३ डिसेंबर, दुपार

हॉलमध्ये आहे. वही मांडीवर. इतिवृत्त मीही लिहिणार — त्यांचंच का राहावं?

चार वाजले. खुर्च्या कुरकुरताहेत. मोजतेय. चाळीस — सत्तेचाळीस. माझ्या शेजारी अजून एक. ती कधी आली? अठ्ठेचाळिसावी. तिच्यात बसलेल्या बाईचा हात वर आहे, एवढंच कळतं, पाहवत नाही —

ठराव वाचला जातोय. बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा.

माझा डावा हात —

नाही. मांडीखाली दाबला. अंगाचं सगळं वजन त्यावर. उचलला जातोय तरी. मीही उचलली जातेय त्याच्याबरोबर. खांद्यात काहीतरी कट्कन —

ऐका. उजवा हात लिहितोय, तो माझा आहे. लेखी मतही मत असतं. मी ओब्दुलिया पेन्यारोया, सहा-ब, हजर, शुद्धीत. विरोध.

खुर्च्या अगदी गुडघ्यांना —

विरोध. श्वास घेतेय, ऐकू येवो न येवो, हा एक. हा दुसरा. विरोध. विरोध. वि