हातमोजे घालून घेतलेली नात

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. तू रुसलेली आहेस, म्हणजे तूही ठणठणीत असणार. इकडे बाइंडिंगचं काम साचलं आहे. पुस्तकं दाबायचा शिकंजा पुन्हा अडकतो आणि नवा कारागीर पुठ्ठे उलटे चिकटवतो. काल एका वकिलांचा जाडजूड ग्रंथ शेवटापासून सुरू होत होता.

आता मुद्दा. तुझ्या नातीला मी पांढरे हातमोजे घालून घेतलं. "सोनेरी कडांची पुस्तकं हाताळून सवय लागली," असं सांगितलं. तू फणकारलीस, "माझी नात पुस्तक आहे का? की माझं घर घाण वाटतं तुला?" घर लख्ख होतं. घाण वाटत होता तो माझा हात.

उजव्या अंगठ्याजवळचा तो लालसर, खरबरीत डाग आठवतो? बाबांचे हात बाइंडिंगच्या खळीने फुटायचे, म्हणून मीही खळीलाच दोष दिला. पण हा मधोमध बरा व्हायचा आणि कडेने पसरायचा. मनात भलभलती नावं येऊ लागली. ती ऐकावी लागू नयेत म्हणून डॉक्टरकडेच गेले नाही. बी.ए. झालेली बाई!

तुझा अबोला सोसवेना, तेव्हा गेले. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी डागावर काच दाबली. "जॅमसारखा रंग दिसतोय," म्हणाल्या.

"ब्रेड आणू का?" मी विचारलं. हसल्या नाहीत. कातडीचा तुकडा तपासायला पाठवला, छातीचा फोटो काढला. निघाला क्षय!

"अहो, मी साधी खोकतसुद्धा नाही!"

"आजी, तो कातडीलाही होतो. तुमची छाती साफ आहे. गोळ्या न चुकवता घ्या, बरा होईल."

मला 'आजी' म्हणाल्या, तेही ऐकून घेतलं. मग ज्यासाठी गेले होते ते विचारलं, "तान्ह्या बाळाला घेतलं तर?"

"खुशाल घ्या."

जिन्यात मी एकटीच मोठ्याने हसले. शिपाई बघतच राहिला.

गोळ्यांनी लघवी केशरी होते, पण डाग सपाट होत चालला आहे. रविवारी येते. दार उघडल्यावर आधी नात माझ्याकडे दे. भांडण मग सावकाश करू, मुक्कामालाच येते आहे.

हातमोजे शिकंज्यात घट्ट दाबून ठेवले आहेत.

मोकळ्या हातांची,
तुझी ताई