निरोगी नमुना

१ मार्च
आले एकदाची प्लोवदिवला, प्रयोगशाळेतल्या नव्या नोकरीवर! विदिनहून दिवसभर गाडीत बसून पाय आखडले होते, पण प्रोफेसरबाईंनी दारातच पाठीवर थाप मारली आणि शीण पळाला. त्यांच्याच घरातली वरची खोली मला, भाडं नाही. एवढा चांगुलपणा मला जरा खटकतोच. आई मला संशयी म्हणते, मी चौकस म्हणते. बाईंची नऊ वर्षांची एलित्सा चाकांच्या खुर्चीतून आली आणि आजचा सण म्हणून माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. वर तंबी, की राडोस्तिनाताई, झाडाला मोहोर दिसेपर्यंत सोडायचा नाही! पोरगी गोड आहे.

५ मार्च
काम समजलं. जनुकाची लांबलचक नक्कल निघते, मग पेशीच्या केंद्रकात तिचे नको ते तुकडे कापून उरलेले जोडले जातात. आर्गोनॉट हे प्रथिन सगळ्यांना ठाऊक आहे ते केंद्रकाबाहेर, अशा नकला गप्प करणारं. आम्ही त्याला आत गाठतो. इवलासा आरएनए त्याचा वाटाड्या. तो नेईल तिथे ते जाऊन बसतं, आणि कुठला तुकडा राहणार, कुठला जाणार हे बदलतं. एलित्साच्या एका जनुकाचा सातवा तुकडा जोडणीत गळतो, म्हणून तिचे स्नायू वाळत चाललेत. तो तुकडा राखणारा वाटाड्या बाई शोधतायत.

तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं. ते नव्या माणसाने द्यायचं, हा इथला रिवाज. दर आठवड्याला बाई स्वतः सुई लावतात, आधी सिरिंजेने मिठाचं पाणी आत सोडून शीर धुतात, नंतर चीज भरलेली गरम बानित्सा खाऊ घालतात. सिरिंजा ओग्न्यान आणून देतो. बाईंचा जुना सहकारी. तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं.

१९ मार्च
या ओग्न्यानवर माझा संशय होताच. आज काचेआडून पाहिलं, बाईंनी दिलेली भरलेली सिरिंज त्याने बेसिनमध्ये रिकामी केली, दुसऱ्याच बाटलीतून भरली आणि पुन्हा माझ्या नावाच्या ट्रेमध्ये ठेवली. काय घालतोय हा माझ्या अंगात? जाब विचारला तर म्हणतो, तुझ्या भल्याचंच आहे, तोंड बंद ठेव. मी आणि तोंड बंद!

२० मार्च
बाईंच्या कानावर घातलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. दुपारपर्यंत ओग्न्यानची उचलबांगडी झाली. जिन्यात मला गाठून म्हणाला, बये, पायावर धोंडा पाडून घेतलास. बाई मागेच उभ्या होत्या, त्यामुळे पुढे बोलला नाही. आता सिरिंजा बाई स्वतःच आणतात. सुटले एकदाची.

४ एप्रिल
अंगणातली चेरी फुलली. सगळ्यांनी दोरे सोडून फांद्यांना बांधले. माझी गाठ सुटेना. बोटं हलतात, पण जोरच नाही. एलित्सा खिदळली, अगं, तू तर माझ्यासारखीच! शेवटी तिने दातांनी सोडली. बाई हसल्या नाहीत. माझ्या बोटांकडे पाहत राहिल्या.

९ एप्रिल
तपासणीत माझ्या रक्तातल्या त्या जनुकाच्या नकलेचे दोन पट्टे आले. एक पूर्ण, फिका. एक आखूड, ठळक. सातवा तुकडा गळतोय — माझा. नळ्यांची अदलाबदल? पण ज्याच्यावर संशय घ्यायचा तो तर गेला. बोट टोचून रक्त मीच काढलं, मीच तपासलं. तेच.

१० एप्रिल
ओग्न्यानला फोन लावला. म्हणाला, आलीस का ताळ्यावर? सिरिंजेत मिठाचं पाणी नसायचंच. नवा वाटाड्या असायचा. लेकीला देण्याआधी तो धडधाकट माणसात काय करतो ते बाई बघतात. ओग्न्यान तो ओतून द्यायचा आणि खरं मीठपाणी भरायचा. माझ्या आधी रुसे शहरातून आलेली मुलगी आता काठीशिवाय चालत नाही, तेव्हा हा गप्प बसला होता. सांगताना रडला. पुरावा काय, तर बेसिनमध्ये गेलेला.
माझ्या आणि सुईच्या मध्ये तो एकटा उभा होता. मीच त्याला हाकललं. मीच.

१२ एप्रिल
बाईंना विचारलं. नाही म्हणाल्या नाहीत. तू आई असतीस तर काय केलं असतंस, एवढंच. मग म्हणाल्या, उलटा वाटाड्या तयार आहे, तुझा तुकडा परत आणेन. पळून जावं तर जिना — पाय धरत नाहीत. आणि ते औषध जगात फक्त त्यांच्याकडे. औषध — की पुढचा प्रयोग?

१४ एप्रिल
डाव्या हाताने लिहितेय. बाई सिरिंज घेऊन आल्या. म्हटलं, खरंच औषध असेल तर आधी एलित्साला टोचा, माझ्यासमोर. तिलाही सातवाच तुकडा हवाय ना —
बाईंचा हात थबकला. सिरिंज टेबलावर ठेवली. कळलं. हा पुढचा प्रयोगच.
बाहेरून कडी. दंडाला बांधायचा पट्टा आणायला गेल्यात. सिरिंज फोडावी तर — उजव्याची बोटं मिटत नाहीत, डाव्यात पेनापुरताच जोर —
जिन्याखालून एलित्साचा आवाज. आई, वर ठेवलंस तेच का माझं औषध? बाई म्हणाल्या, हो बाळा, आधी ताईला देऊन बघू —
कडी वाजली. ओरडायचंय, जीभ — एलित्सा, तू तरी तिला सांग, मी —