ओळीचा शेवट कोण खातं?

४ जाने., रविवार
दिवाळीत रेणूनं माईक आणून दिला, तो आज काढला. तिचेच बिनतारी हेडफोन लावले. पेटी आधी रेकॉर्ड केलेली, ती ऐकत वर भजन म्हणायचं. पेटी पुढे, मी मागे. रेणू फोनवर म्हणते, बिनतारीत आवाज उशिरा पोचतो. मुलगी इंजिनियर. हे देताना ठाऊक होतं की आत्ता आठवलं? विचारलं तर, "बाबा, घरी कोर्ट नका ना उघडू."

अंजनगावच्या शिवरात्रीला गायचं तर यंदा आधी ऑडिओ पाठवायचा, महिनाअखेरपर्यंत. आजवर नुसतं नाव पुरायचं. आणि वासुदेव दिवाळीपासून फिरकलेला नाही. इतकी वर्षं भजनात माझ्या मागे बसून गायला, आता साधा फोन नाही. तेल्हाऱ्याच्या मंडळानं फोडला असणार. गेला तर गेला. एकट्याचं पाठवतो.

६ जाने., मंगळवार
कोर्टातून थेट अकोला. तारेचा हेडफोन घेतला, कान पूर्ण झाकणारा. दुकानदार: "वकीलसाहेब, बेस ऐका बेस! छाती हालते." हलली खरी. माणूस फार गोड बोलत होता. घरी येऊन पाहिलं, खोक्याचं सील दोनदा चिकटवल्यासारखं दिसतं.

७ जाने., बुधवार
गायलो, ऐकलं. आवाज भारदस्त, माझाच का अशी शंका यावी इतका. पण प्रत्येक ओळीचा शेवट गायब! शब्द सुरू होतो नि विझतो. सगळ्या कडव्यांत तेच. डुप्लिकेट माल गळ्यात मारला.

९ जाने., शुक्रवार
पुन्हा अकोला. दुकानदारानं नवं खोकं फोडलं. त्याचं सिनेमातलं गाणं लावलं, शेवट शाबूत. माझं भजन लावलं, शेवट नाही. "माल चोख आहे साहेब, तुमचं रेकॉर्डिंगच तसं आहे." आरोपी नेहमी असंच म्हणतो. परत घ्यायला तयार नाही.

मग लॅपटॉप? रेणू म्हणते, हळू आवाज आपोआप कापायची एक सोय असते, पण ती तिनं बंदच ठेवली आहे. ठेवली आहे म्हणते. रेणूला फोनवर थांबवून लॅपटॉपमधली एकेक खूण पाहिली. बंद होती.

११ जाने., रविवार
अमरावती. मोठं दुकान, तिथला माणूस कमी बोलणारा, म्हणून जास्तच संशय. जाळीच्या, उघड्या पाठीचा एक लावून पाहिला. काय मोकळं वाटलं! घेणारच होतो, तर तोच म्हणाला, "गायाले हा नाई चालत. आतली पेटी बाहेर येते अन् माईकमंधी शिरते. बंदवालाच घ्या. फक्त बेस फुगवलेला नको." सांगितला तो स्वस्त होता. महागाचं घेऊ नका म्हणणारा दुकानदार जन्मात पहिल्यांदा पाहिला. यात काय डाव असेल? परतवाड्यापर्यंत विचार केला, सापडला नाही. तोच घेऊन आलो आहे.

१२ जाने., सोमवार
नवा लावला. स्वतःचा आवाज आवडला नाही. पातळ, वरच्या सुरात घोगरा. अकोल्याच्या हेडफोनमध्ये हे सगळं बेसखाली झाकलं जात होतं.

ओळीच्या शेवटी मात्र काहीतरी आहे. पुन्हा ऐकलं. परत एकदा ऐकलं. श्वास आहे. मी अर्धा शब्द टाकून, पुढच्या ओळीसाठी आरामात श्वास घेतोय. हेडफोन काही खात नाही, माईकही खात नाही. मीच तिथे गात नाही.

बायकोच्या, सुलभाच्या, कानाला लावून दिला. तिनं डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "मंग तिथं तं वासुदेवभाऊ घेतात ना." आणि पोळ्या लाटायला गेली.

१३ जाने., मंगळवार
शेवट स्वतः म्हणून पाहिला. पुढच्या ओळीला दम उरत नाही. उरवला तर सूर हलतो. मी ओळ टाकायची, त्यानं मागून झील धरायची, म्हणजे शेवट उचलून पुरा करायचा, ही सवय हाडात गेलेली आहे. ऐन रेकॉर्डिंगला बसल्यावर कळतंय.

रेणूच्या लग्नातलं मोबाईलवरचं भजन नव्या हेडफोननं ऐकलं. लोक वाहवा करतात ती माझी ओळ संपल्यावर, त्यानं झील धरली की. जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू. मग त्याची आठवण आली. फार आली.

१५ जाने., गुरुवार
हिवरखेड. तिळगुळाचं निमित्त. वासुदेव झेंडूच्या वावरात. बाया फुलं तोडत होत्या.

"या वकीलसाहेब. मशीन आणलं म्हणते पोरीनं." हे याला कोणी सांगितलं?
"आणलं."
"मंग आता मांगचा मानूस कायले लागते."
म्हटलं, तेल्हाऱ्याला जातोस ना तू? तर म्हणे, "कोनं सांगतलं? मी तं घरीच आहो. तुमी बोलावलं नाई."

इतके दिवस मी त्याच्यावर संशय घेत होतो, तो माझ्यावर. मोबाईलवर माझं रेकॉर्डिंग लावून त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. चेहरा कोरा ठेवून ऐकत होता. माझी ओळ सुटली असेल तिथं त्यानं झील धरली. कान बंद असल्यानं केवढ्यानं तरी, पण सुरात, जिथल्या तिथं. बाया वळून पाहू लागल्या.

हेडफोन काढून म्हणाला, "तुमी मंधातच गप कावून होऊन राहिले?"
मी म्हणालो, "मशीन खाते."
खोटं. तुझ्याशिवाय ओळ पुरी होत नाही, एवढंच म्हणायचं होतं. नाही निघालं तोंडातून.
तो हेडफोनकडे बघून हसला. रविवारी येतोस का विचारलं, तर "पायतो." माझे पक्षकार पाहतो म्हणाले की पुन्हा दिसत नाहीत.

१७ जाने., शनिवार
अमरावतीला जाऊन तसाच दुसरा घेतला, शिवाय एकाच लॅपटॉपला दोन लावायची छोटी तार. दुकानदार: "पयला बिघडला का?"
"नाही. आम्ही दोघं गातो."
बोलून गेलो. वासुदेव अजून हो म्हणालेला नाही.

१८ जाने., रविवार
खिडक्या लावल्या. दोन्ही हेडफोन जोडून ठेवले. सुलभा म्हणाली, दारही लावा, रस्त्याचा आवाज शिरते. म्हटलं, राहू दे.

सकाळची हिवरखेडची बस येऊन गेली. तो नव्हता. आला तर आधी मशीनचं खरं सांगायचं, मग गायचं, असं ठरवलं होतं. वाट पाहून पहिलं कडवं एकट्यानं घेतलं. ओळींचे शेवट या वेळी मुद्दाम सोडले आहेत, त्याला पुरतील इतके. त्याचा हेडफोन पेटीवर ठेवलाय. दुपारची बस अजून यायची आहे.